साहित्य परीक्षण

दारावर पाटी आहे : साहित्य परीक्षण प्रयोगशाळा.
दर वर्षी नवी पोरं हसतात,
मॅडम, इथं कविता तपासता का?
मी म्हणते, लोखंड. बूट घालून या.

फैजपूरच्या या खोलीत सत्तावीस वर्षं
मी एकच गोष्ट बघत आलेय :
सळई यंत्रात धरायची, टोकाला वजन टांगायचं,
फिरू द्यायची.
वजन असं, की एका दमात ती कधीच तुटली नसती.
नुसती वाकते, सरळ होते, वाकते,
केसभर,
आणि काचेमागचा आकडा चढत राहतो.
चार लाख. नऊ लाख. माझा डबा खाऊन होतो.
मग टक्.
शेजारच्या वर्गात कोणी मानही वळवत नाही.

पोलादाला एक हद्द असते.
ओझं त्याखाली ठेवलं तर ते थकतच नाही,
निदान पुस्तक तसं म्हणतं.
जर्मनला अशी हद्द नाही.
कितीही हलकं द्या, ते मोजून ठेवतं.
हे शिकवताना मी फळ्याकडे तोंड करते.
आईकडे घरभर जर्मनचीच भांडी होती.

लुकमान तडवी फेब्रुवारीत आला, यावलहून,
गोणपाटात गुंडाळलेला पंपाचा शाफ्ट घेऊन,
दोन तुकडे.
सोबत इम्पेलर : सातशे फुटांवरच्या वाळूनं
पात्यांच्या कडा कुरतडून
वावधानानंतरच्या केळीच्या पानासारख्या केलेल्या.
"ते सोडा बाई, ते वाळूचं हाये, दिसतं डोयानं.
पन हा कसा तुटला?
नेहेते म्हन्ते, मी हलका माल टाकला.
म्हन्ते, काल रातीपर्यंत तर चालू होता."

काल रातीपर्यंत चालू होता.
सगळे हेच सांगतात.

तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं.
एका कोपऱ्यात नखाएवढी जागा खडबडीत,
फोडलेल्या गुळासारखी दाणेदार.
ती कालची.
बाकी सगळं गुळगुळीत, घासलेलं, जुनं,
आणि त्यावर ओळी, एकीच्या पोटात एक.
पुस्तकात त्यांना समुद्रकाठच्या खुणा म्हणतात.
समुद्र मी एकदाच पाहिलाय, तोही भरतीचा.
पोरांना मी हतनूरचा गाळ सांगते :
पाणी उतरतं, थांबतं, उतरतं,
प्रत्येक थांब्याची एक रेघ चिखलात राहते.
इथले थांबे विजेचे.
एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची,
मधेच गेलेली, आलेली, पुन्हा गेलेली.
लुकमानभाई, हा दीड वर्षं तुटतच होता.
पाणी देत देत.

रेघा मागं मागं नेल्या की उगम सापडतो.
काठावर आले. खाच दिसली.
भिंग फिरवलं. खाच नव्हती, अक्षर होतं.
लु. त.
दुरुस्त केलेल्या प्रत्येक शाफ्टवर
तो पंच ठोकून उठवतो ती खूण, गॅरंटीची.
उकाराच्या शेपटीत घाव जरा खोल बसलेला,
भेग तिथून निघाली होती.

मी अहवालात लिहिलं,
उगम : पृष्ठभागावरील ठोकखूण.
त्यानं कागद वाचला नाही.
डोळा भिंगाला लावून वाकून राहिला, किती वेळ.
टेबलावर टेकलेला उजवा हात,
त्याचं मधलं बोट आता सरळ होत नाही.
"म्हन्जे माह्याच नावानं?"
मी म्हटलं, खाच कशाचीही चालते.
म्हटलं, आणि उगाच दिवा बंद केला.

परवा सावद्याच्या बाजारात भेटला.
नाव आता रंगानं लिहितो, लाल ऑइलपेंट.
"वाळू महिन्यात खाऊन टाकते.
कोनाच्या हातचं काम, वयखू येत नाही.
पन तिथून तुटत नाही."
नेहेतेचं काय झालं, मी विचारलं नाही.
भरताची वांगी होती पिशवीत, दोन किलो.
ती मी या हातातून त्या हातात घेतली.